शनिवार बाजारातला मध आणि मेणाच्या पणत्या



गेल्या काही महिन्यांत निदान आठ-दहा जणांनी मला गाठून विचारलं, "काय हो, तुम्ही रेडमंडच्या बाजारात मध विकता म्हणे? एक पौंडाला सोळा डॉलर?" प्रश्नाचा सगळा जोर दुसऱ्या वाक्यावर. गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत विचारलं, लेकीच्या शाळेबाहेर विचारलं, ऑफिसात कॉफी मशीनपाशी तर विचारलंच. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा बैजवार लिहून टाकावं म्हणतो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली दुरुस्ती: "तुम्ही विकता" नाही, सौ. विकते. हा संसारातला विनय नाही, कायद्याचा भाग आहे. मी एच-वन-बीवर. ज्या कंपनीने अर्ज केला तिथेच काम करायचं, दुसरा पैसा कमवायचा नाही. वकिलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, माश्या हौस म्हणून खुशाल पाळा, मध मित्रांना वाटा, पण विकू नका. तीन वर्षं आम्ही तेच केलं. दिवाळीला डब्यांबरोबर मधाची बाटली. मग सौ.ला एच-फोरवर कामाचा परवाना मिळाला. २६ मे २०१५ पासून ही सोय आहे. नवरा किंवा बायको एच-वन-बीवर असेल आणि त्यांचा आय-१४० मंजूर झालेला असेल, तर जोडीदाराला नोकरी करता येते, स्वतःचा धंदाही करता येतो. त्यामुळे पेट्या तिच्या, राज्याच्या कृषी खात्यातली मधपाळ म्हणून नोंदणी तिची, बँकेतलं खातं तिचं, गल्ला तिचा. मी तिथे फक्त नवरा म्हणून असतो. लेकीला सांभाळतो, गल्ल्याला हात लावत नाही. ऑफिसातला एक जण परवा म्हणाला, "म्हणजे घरच्यासारखंच!" :-)

रेडमंड सॅटरडे मार्केट हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. १९७६ सालापासून भरतो हा बाजार. म्हणजे मायक्रोसॉफ्ट रेडमंडला आलं त्याच्या दहा वर्षं आधीपासून. मे ते ऑक्टोबर, दर शनिवारी. आपली मंडळी तिथे कोथिंबीर, मेथी आणि कोवळी भेंडी शोधत येतात, ती नेहमी मिळतेच असं नाही, आणि मग जाता जाता आमच्या टेबलापाशी थांबतात. टेबलावर तीन गोष्टी: मध, मेणबत्त्या आणि मेणाने भरलेल्या मातीच्या पणत्या. चाखायला लाकडी काड्या ठेवलेल्या असतात. मधाचं बोट लावणे हा वाक्प्रचार आम्ही शब्दशः अमलात आणतो.

आमच्या पेट्या मात्र रेडमंडमध्ये नाहीत. टाउनहाऊसच्या असोसिएशनला माश्या पाळणार म्हणून सांगितलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करा. पेट्या आहेत कार्नेशनजवळ, स्नोक्वाल्मी नदीच्या खोऱ्यात, एका शेताच्या बांधावर. भाडं म्हणून शेतमालकाला वर्षाला चार बाटल्या मध. पाच पेट्या. त्यांना पहिलं खाद्य मिळतं ते एप्रिलमध्ये मोठ्या पानाच्या मॅपलचं. तो मध त्या बहुतेक स्वतःच खाऊन टाकतात, कारण एप्रिलात इथे पाऊस केव्हा थांबतो हे माश्यांनाही कळत नाही. खरं पीक जूनमध्ये, ब्लॅकबेरीचं.

या ब्लॅकबेरीची एक गंमत आहे. मेरीमूर पार्कात क्रिकेट खेळताना चेंडू ज्या काटेरी जाळीत जातो आणि मग कोणी आणायचा यावर वाद होतो, तीच ही. नाव हिमालयन ब्लॅकबेरी. नाव ऐकून आपण भाऊबंद समजतो, पण हिचा हिमालयाशी काही संबंध नाही. ल्यूथर बरबँक नावाचा कॅलिफोर्नियातला प्रसिद्ध रोपवाटिकावाला होता. त्याने १८८५ मध्ये भारतातून आलेल्या बियांपासून ही झाडं वाढवली आणि 'हिमालय जायंट' म्हणून विकायला काढली. मूळ वाण आर्मेनिया आणि आसपासच्या भागातलं. म्हणजे आर्मेनियाची बाई, भारताच्या पत्त्यावरून अमेरिकेत आली आणि इथे अशी फोफावली की वॉशिंग्टन राज्याने तिला उपद्रवी तणांच्या यादीत टाकलं. सरकारला नकोशी आणि माश्यांना हवीशी. आमच्या बाटल्यांतला बहुतेक मध तिचाच आहे.

आता मुख्य गोष्ट, शुद्ध आहे का? हा प्रश्न विचारणारा शंभर टक्के आपला माणूस. गोरी गिऱ्हाइकं विचारतात, कोणत्या फुलांचा? आपण विचारतो, साखर किती? राग येत नाही, कारण हा संशय अनुभवातून आलेला आहे. आपण लहानपणापासून सगळ्या परीक्षा ऐकून आहोत. पाण्यात थेंब सोडा, तळाला बसला तर अस्सल. कागदावर टाका, पाझरला नाही तर अस्सल. काडेपेटीची काडी बुडवून पेटवा. कुत्रा तोंड लावत नाही. एका काकांनी तर बाटली हातात घेऊन "इथे मुंग्या आहेत का?" म्हणून इकडेतिकडे पाहिलं होतं.

मंडळी, यातली एकही परीक्षा उपयोगाची नाही. दाट साखरेचा पाकही तळाला बसतो, कागदावर तोही पाझरत नाही. उलट ज्या गोष्टीवरून लोक मध नाकारतात, ती म्हणजे बाटलीत साखरेसारखे खडे धरणं, ती तर खऱ्या मधाची रीतच आहे. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात. ग्लुकोज जास्त असेल तर तो लवकर थिजतो, बरोबर मिसळलेले परागकण आणि मेणाचे कण त्याला मदत करतात. कोमट पाण्यात बाटली ठेवा, पुन्हा पातळ होतो. मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नका.

प्रयोगशाळेत तरी कळतं का? तिथेही सोपं नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने भारतातले १३ ब्रँड तपासले. नेहमीच्या साखरेच्या चाचण्यांत बरेचसे पास झाले. मग एनएमआर नावाची महागडी चाचणी जर्मनीतल्या प्रयोगशाळेत केली, तेव्हा सगळ्या चाचण्यांत उतरलेले फक्त ३ उरले. चाचणीत पकडला जाणार नाही असा पाक मुद्दाम बनवून विकला जातो, हे त्यातून बाहेर आलं. आपल्यातल्या प्रोग्रामरांना हे लगेच कळेल: टेस्ट केस आधीपासून माहीत असतील तर कोड तेवढ्यापुरता पास करता येतो.

आणि हे फक्त तिकडचंच नाही. अमेरिकेने २००१ मध्ये चिनी मधावर भारी शुल्क लावलं, तेव्हा तोच मध तिसऱ्याच देशाचं लेबल लावून इथे येऊ लागला. त्यावर सिएटल पोस्ट-इंटेलिजन्सर या आपल्या गावच्या पेपराने डिसेंबर २००८ मध्ये मोठी मालिका छापली होती. (तो पेपर २००९ मध्ये छापायचा बंद झाला आणि फक्त वेबवर उरला.) बाटलीवरच्या शब्दांचंही तसंच. 'रॉ' या शब्दाला मधाच्या बाबतीत केंद्र सरकारची पक्की व्याख्या नाही. 'ऑरगॅनिक' आम्ही लिहीतच नाही, कारण माशी दोन-तीन मैल लांब जाते आणि कोणाच्या बागेत काय फवारलंय हे विचारून बसत नाही.

म्हणून सौ. गिऱ्हाइकाला परीक्षा सांगत नाही. ती सांगते की पेट्या अमुक ठिकाणी आहेत, जुलैत मध काढतो, यायचं असेल तर या, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. दोन वर्षांत चौदा जण येऊन गेले. मधकोठीतून चौकट बाहेर काढायची, माश्यांनी मेणाने बंद केलेल्या घरांचं झाकण गरम सुरीने कापायचं, चौकट मधयंत्रात घालून फिरवायची. ओलावा १८.६ टक्क्यांच्या वर असेल तर मध आंबण्याची भीती, म्हणून तो आधी छोट्या यंत्रावर बघायचा. ज्याने एकदा हे पाहिलं तो पुन्हा कुत्र्या-मुंग्यांचं काढत नाही.

आता तो प्रसंग, ज्यामुळे खरं तर मी लिहायला बसलो.

जूनचा शेवट असेल. एक काकू जावयाबरोबर आल्या. वाईच्या. महाबळेश्वरचा मध घरात वर्षानुवर्षं. सातेरी माशी कोणती, आग्या कोणती, जांभळाचा मध कडवट का लागतो, कारवी सात वर्षांनी फुलते तेव्हा काय चंगळ असते, सगळं त्यांना माहीत. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, तिथे त्यांच्या भाचीचं सासर. सौ. खूश. इतकं जाणकार गिऱ्हाईक या बाजारात पहिल्यांदाच. काकूंनी काडी चाखली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चांगला आहे गं. अर्धा पौंड दे. नातू झालाय, दहा दिवसांचा. गुटी उगाळायला पाहिजे."

सौ.ने बाटली हातातच धरून ठेवली. "काकू, अभिनंदन! पण बाळासाठी मध नका नेऊ. वर्षाचा होईपर्यंत अजिबात नको."

"अगं, माझ्या तिन्ही पोरांना मीच चाटवलाय. सोन्याच्या अंगठीनं. काय झालं त्यांना? हा बघ, याच्या बायकोलाही चाटवलाय."

जावई फोनमध्ये बघायला लागला.

सौ.ने समजावून सांगितलं. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, बोटुलिझमचे. ते मातीतले, धुळीतले असतात, मध शुद्ध असो वा नसो. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि तिथेच विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठता होते, मग बाळ दूध नीट ओढत नाही, रडणं क्षीण होतं, मान टाकतं, शेवटी श्वासाचे स्नायू ढिले पडतात. मध उकळला तरी बीजाणू मरत नाहीत. त्यांना प्रेशरखाली १२१ अंश लागतात आणि तेवढं केल्यावर मध मध राहत नाही. हा बाळांचा आजार म्हणून ओळखला गेला तोच १९७६ मध्ये. म्हणजे काकूंच्या आईच्या वेळी हे कोणाला ठाऊकच नव्हतं. त्याआधी एखादं बाळ असं गेलं, तर घरात 'दृष्ट लागली' म्हटलं जाई किंवा 'आकडी आली'. बहुतेक बाळांना मध चाटवून काही होत नाही, हेही सौ.ने कबूल केलं. पण ज्याला होतं त्याला आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटर लागू शकतो. इथे २००३ पासून त्यावर खास प्रतिविष मिळतं, वेळेत निदान झालं तर बाळ बरं होतं. गुटीचं काय करायचं ते बाळाच्या डॉक्टरांना विचारा, म्हणाली.

काकू ऐकून घेत होत्या, पण चेहरा बदलला होता. "मग विकता कशाला असलं?" म्हणाल्या आणि निघून गेल्या. मध न घेता.

मागे रांगेत तिघं उभे होते, त्यातला एकही मराठी नव्हता, त्यांना वाटलं भावावरून भांडण झालं. सौ. दिवसभर गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, माझ्या आईसारख्याच होत्या गं त्या दिसायला. ('गं' मला उद्देशून नव्हता, ती बहिणीशी फोनवर बोलत होती.) मला विचाराल तर त्या अर्ध्या पौंडाची विक्री गेली ही तिने त्या हंगामात केलेली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. बाटलीवर सूचना बारीक अक्षरात इंग्रजीत असतेच, पण बाळंतपणाला तिकडून आलेली आई ती वाचेल असं धरून चालणं म्हणजे अंगावरचं झटकणं आहे. आता टेबलावर मराठीत मोठा कागद लावला आहे: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. हिंदी आणि तेलुगूतही लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी काकूंची लेक आली, बाबागाडी घेऊन. सव्वा महिना झाला की बारसं करणार होते. तिने स्वतःसाठी एक पौंड मध घेतला आणि बारशाला लावायला आठ पणत्या. "आई अजून चिडलेली आहे," म्हणाली. "म्हणते अमेरिकेत येऊन पोरी शहाण्या झाल्या. पण मधाची गोष्ट पुन्हा काढली नाही."

पणत्यांवरून मेणाकडे येतो. आपण ज्याला मेणबत्ती म्हणतो तिच्यात मधमाशीचं मेण नसतंच, असतं पेट्रोलियमचं पॅराफिन. खरं मेण माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून खवल्यांसारखं बाहेर येतं, तेही कामकरी माशी साधारण दोन आठवड्यांची असताना. एक पौंड मेण करायला त्यांना सहा ते आठ पौंड मध खावा लागतो असा अंदाज सांगतात. आणि शंभर पौंड मध काढला की झाकणांचं मेण निघतं एक-दोन पौंड. २०२५ च्या हंगामात आमचा मध दीडशे पौंड, मेण अडीच पौंडांच्या आत-बाहेर. एका पणतीत साधारण एक औंस धरला तर चाळीस पणत्या, झालं. म्हणून सौ. उरलेलं मेण याकिमाकडच्या एका मोठ्या मधपाळाकडून विकत घेते आणि फळीवर तसं लिहिते. न लिहिताही खपलं असतं.

मेण ६३ अंशांच्या आसपास वितळतं. थेट आचेवर ठेवायचं नाही, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवायचं. जुन्या सुती पंचातून दोनदा गाळायचं. वातीचं मात्र फार त्रांगडं. मेण दाट, त्याला चौकोनी विणीची जाड सुती वात लागते. बारीक घातली तर ज्योत मध्येच खड्डा करून विझते, जाड घातली तर धूर. पणतीच्या तळाशी वातीखाली पत्र्याची चकती, नाहीतर शेवटी माती तापून टेबलाला डाग. पणत्या पुण्याहून येणाऱ्यांच्या बॅगेतून येतात, दर डझनाला दोन फुटतात हे गृहीत धरलेलं आहे. थंडीत मेणावर पांढरट थर येतो, त्याला लोक बुरशी समजतात. फडक्याने पुसला की जातो.

आणि कराची मजा. मध हा खाण्याचा पदार्थ, वॉशिंग्टनमध्ये त्याला विक्रीकर नाही. मेणबत्ती खाण्याची नाही, तिला आहे, रेडमंडमध्ये दहा टक्क्यांहून जास्त. एकाच पेटीतल्या एकाच चौकटीतून निघालेल्या दोन वस्तू, हिशेबाच्या वहीत दोन रकाने.

आता सोळा डॉलरचं उत्तर. मी सवयीने स्प्रेडशीट केली. दीडशे पौंड गुणिले सोळा, चोवीसशे. मेणाचे वरचे सहाशे. त्यातून बाजाराचं भाडं, विमा, बाटल्या, शरदात माश्यांना द्यायची साखर, औषध, कार्नेशनच्या फेऱ्यांचं पेट्रोल. उरलेल्याला सौ.च्या तासांनी भागलं तर आकडा २०२५ च्या राज्याच्या किमान वेतनाच्या (ताशी १६ डॉलर ६६ सेंट) बराच खाली येतो. स्प्रेडशीट तिला दाखवली. "बंद कर," म्हणाली. कॉस्टकोतला मध स्वस्त आहे, तो जरूर घ्या, त्यात काही पाप नाही. इथे ज्यासाठी पैसे देता ते म्हणजे टेबलामागची बाई पुढच्या शनिवारीही तिथेच उभी असणार.

असणार का, हाच प्रश्न आहे. राक्षसी गांधीलमाशी, जिला पेपरवाल्यांनी 'मर्डर हॉर्नेट' नाव दिलं होतं, तिची आता भीती नाही. २०१९ मध्ये आपल्या राज्याच्या उत्तर टोकाला सापडली होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती संपली असं जाहीर झालं. खरा वैरी व्हरोआ नावाची गोचिडीसारखी लाल कोळीण. हीसुद्धा आपल्याकडचीच. मूळची आशियाई माशीची, म्हणजे काकूंच्या त्या सातेरीची, पाहुणी. सातेरी तिला अंगावरून झटकते, चावून काढते, आणि कोळिणीची वाढ जवळजवळ नरांच्या घरांपुरतीच राहते, त्यामुळे दोघींचं जमून गेलेलं आहे. युरोपियन माशीला ती कला येत नाही. १९८७ मध्ये कोळीण अमेरिकेत पोचली. २०२४-२५ च्या हिवाळ्यात इथल्या व्यावसायिक मधपाळांच्या सरासरी ६२ टक्के वसाहती मेल्या. ज्या कोळिणी तपासल्या त्या नेहमीच्या औषधाला दाद देईनाशा झालेल्या निघाल्या. आमच्या पाचांपैकी त्या वर्षी दोन गेल्या. डिसेंबरात ऑक्झॅलिक ॲसिडची धुरी देतो, पेटीवर पत्रा, खाली विटा, आणि वाट बघतो.

दुसरी वाट कार्डाची. सौ.चा परवाना मार्चमध्ये संपतो. पूर्वी मुदतीत नूतनीकरणाचा अर्ज केला की जुना परवाना आपोआप लांबायचा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना ती सोय नाही. नवीन कार्ड हातात आलं तर मे महिन्यात स्टॉल लागेल. नाही आलं तर माश्या मध करायच्या थांबणार नाहीत, फक्त आम्ही पुन्हा वाटायला लागू, दिवाळीच्या डब्यांबरोबर. बाजाराच्या पुढच्या हंगामाचा अर्ज तिने भरून ठेवला आहे. बाटल्यांची ऑर्डर अजून दिलेली नाही.